ब्रॅडबरीची ‘गोल्डन’ पुस्तकं: आठ महिने पेटीवर ठेवल्यानंतर

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन संगीतकार विल्यम ब्रॅडबरी याच्या संडे स्कूल (चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग) गीतांच्या तीन पुस्तकांचा सेट मागवला, त्याला आता आठ महिने झाले: ‘द गोल्डन चेन’ (१८६१), ‘द गोल्डन शॉवर’ (१८६२) आणि ‘द गोल्डन सेन्सर’ (१८६४). जुनी पानं स्कॅन करून छापलेली आवृत्ती आहे. मी दर रविवारी मुलांना गाणी शिकवते, पेटी स्वतः वाजवते आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, अजून बोट ठेवूनच वाचते. म्हणून आधी छपाईबद्दल.

मूळ पुस्तकं आडव्या आकाराची. छापणाऱ्याने ती पानं उभ्या कागदात कोंबली आहेत, त्यामुळे सूर मुंगीएवढे झालेत. बांधणी नुसती चिकटवलेली. पुस्तक पेटीवर उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे लावावे लागतात. तिसऱ्या महिन्यात ‘चेन’ची पानं सुटायला लागली. तक्रार केली, तर उत्तर आलं की पुस्तक ‘वापरलेलं’ आहे. वापरायलाच घेतलं होतं, बाबा!

चालींबद्दल मात्र तक्रार नाही. ‘जीजस लव्ह्ज मी’ आमच्या घरात सगळ्यांना पाठ, पण ती चाल कागदावर वाचत पेटीवर काढली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं: प ग ग रे ग प प, ध ध सां ध ध प प. सगळं गाणं सा, रे, ग, प, ध एवढ्याच सुरांत. मध्यम नाही, निषाद नाही. भूप रागाचे सूर! तबल्यावर बसणारा आमचा पोरगा म्हणाला, “ताई, हे तर आपलंच आहे.” आपलं नाही, अमेरिकेतलं आहे, पण मुलं दोन रविवारांत का उचलतात ते कळलं.

शब्द अमेरिकन लेखिका ॲना वॉर्नर यांचे. १८६० च्या एका कादंबरीत संडे स्कूलचा शिक्षक मरणाच्या दारातल्या लहान मुलाला ते म्हणून दाखवतो. ब्रॅडबरीने १८६२ मध्ये चाल दिली आणि ध्रुपद जोडलं, ते ‘येस, जीजस लव्ह्ज मी’. माझ्या वर्गातली सगळ्यात लहान मुलं कडव्यांत नुसते ओठ हलवतात आणि ध्रुपद आलं की छप्पर उडवतात.

ब्रॅडबरी गडी काही कमी शिकलेला नव्हता. बॉस्टनला संगीतशिक्षक लोवेल मेसनच्या हाताखाली घडला, १८४७ मध्ये जर्मनीत लाइप्झिगला जाऊन शिकून आला, न्यूयॉर्कमध्ये पियानोंचा धंदा काढला. इतकं करून मुलांसाठी लिहिताना पाच सुरांवर थांबला, हे मला अवघड काम वाटतं. पांढरी एकमध्ये (सा म्हणजे सी) वाजवलं तर सी, एफ, जी या तीन कॉर्डवर (एकत्र वाजवायच्या सुरांच्या गटांवर) गाणं निभावतं. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

‘स्वीट अवर ऑफ प्रेअर’ सहा मात्रांच्या चालीवर आहे, दादरा सरळ बसतो. फक्त लय सांभाळा. आमच्याकडे मोठी माणसं ते इतकं ओढतात की भात्यातली हवा संपते. ‘ही लीडेथ मी’ मुलांना उंच जातं, मी पट्टी उतरवते.

न आवडलेलं म्हणजे, या पुस्तकांत मरण फार. लहानग्यांच्या तोंडी स्वर्गात जाण्याची इतकी घाई आज पचत नाही. त्या काळी घरोघरी मुलं दगावत, त्यामुळे हे आलं असणार. स्वतः ब्रॅडबरीही १८६८ मध्ये एक्कावन्नाव्या वर्षीच गेला. तरी मी अशी गाणी गाळते, आणि तिथे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या वळणाची मराठी ख्रिस्ती भजनं घेते.

सेट विकत घ्यावा का, असं दोघींनी विचारलं. नोटेशन वाचता येत नसेल तर नको. मी लागणारी एकवीस पानं झेरॉक्सवाल्याकडून मोठी करून घेतली, स्पायरल लावलं. चिमटे परत दोरीवर गेले.