मराठी सबटायटल टाइप करताना कीबोर्ड रुसतो तेव्हा: इनस्क्रिप्ट, फोनेटिक की सरळ पेस्ट?

व्हिडिओ एडिटिंगला बसलेल्या माणसाची बोटं जे, के आणि एल या तीन कळांवर ठेवलेली असतात. जे मागे, के थांब, एल पुढे. बहुतेक एडिटिंग प्रोग्रामांत हाच रिवाज आहे. आता मराठी इनस्क्रिप्ट (कळांवर मराठी अक्षरं बसवणारी प्रमाण रचना) चालू ठेवून त्याच तीन कळा ओळीने दाबा: र, क, त. मध्ये एक हलन्त टाकला की झालं रक्त. एका कीर्तनाच्या चित्रीकरणाला ओळी बसवताना मी रात्रभर तेच आटवत होतो. टाइमलाइन हलेना, कट होईना, माउसने मात्र सगळं व्यवस्थित. यूएसबीचा पोर्ट बदलला, दुसरा कीबोर्ड लावून पाहिला, प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. पहाटे कधीतरी खालच्या पट्टीकडे लक्ष गेलं, तर तिथे भाषेच्या जागी मराठी. ती मी लावली नव्हती. ऑल्ट आणि शिफ्ट धरून करायच्या एका शॉर्टकटमध्ये बोट अर्धवट सुटलं होतं आणि विंडोजने त्याचा अर्थ "भाषा बदला" असा घेतला होता.

तेव्हापासून कुणी "मराठी टायपिंगसाठी काय वापरू?" असं विचारलं की मी आधी विचारतो, टायपिंग कुठे करणार? वर्डमध्ये टाइप करणाऱ्याला जे चालतं ते एडिटरच्या टायटल चौकटीत चालेलच असं नाही.

कारण थोडक्यात असं. कळ दाबली की संगणकाला आधी कळते ती तिची जागा. मग विंडोज तिला एक कळ-क्रमांक देतं आणि शेवटी निवडलेल्या भाषेप्रमाणे अक्षर बनतं. जो प्रोग्राम शॉर्टकटसाठी कळ-क्रमांकाकडे पाहतो, त्याला मराठी चालू असली तरी के म्हणजे के-च. जो शेवटच्या अक्षराची वाट पाहतो, त्याच्या हातात क पडतो आणि क साठी त्याच्याकडे काहीच काम लिहिलेलं नसतं. म्हणून एकाच मशीनवर एका प्रोग्रामात शॉर्टकट चालतात, दुसऱ्यात मरतात आणि आपण बिचाऱ्या कीबोर्डला बदडतो.

पद्धत निवडण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथून टायपिंग, तिथून अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. तिथे प्रत्येक अ‍ॅपच्या खिडकीला वेगळी इनपुट पद्धत वापरू देणारी एक चौकट आहे, तिच्यावर टिक करा. म्हणजे नोटपॅडात मराठी ठेवली तरी एडिटर इंग्रजीतच राहतो. त्याच पानावरून भाषा बदलायच्या हॉट कीजपर्यंत जाता येतं. डावा ऑल्ट-शिफ्ट तिथे बंद करा आणि भाषा बदलायला विंडोज-स्पेस वापरा. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांची तक्रार एवढ्यावरच मिटली. उरलेल्यांसाठी पुढचं.

इनस्क्रिप्ट

सरकारी परीक्षांमुळे नाव माहीत असतं, पण हौसेने कुणी शिकत नाही. रचना जुनी आहे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली इस्कीच्या, म्हणजे संगणकात भारतीय लिप्या साठवायच्या संकेतांच्या, मानकासोबत तीही प्रमाण केली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांशी उजव्या. के वर क, शिफ्ट धरला की ख. आय वर ग, शिफ्टने घ. डी वर हलन्त, एन वर ल आणि शिफ्टने आपला ळ. "महाराष्ट्र" हा शब्द दहा कळांत येतो, ना यादीतून निवड, ना अंदाज.

एडिटरच्या दृष्टीने तिचा मोठा गुण वेगळाच आहे. एक कळ, एक अक्षर, आणि मध्ये दलाल नाही. विंडोज ते अक्षर सरळ प्रोग्रामला देतं, त्यामुळे इंग्रजी टाइप होतं अशा जवळपास कुठल्याही चौकटीत मराठीही टाइप होतं. मी कितीतरी जुनाट टायटल-जनरेटर पाहिले, त्यांत बाकी सगळं हरलं, पण इनस्क्रिप्ट चाललं.

दोष दोन. पहिला वर रडून झाला: शॉर्टकटशी थेट टक्कर. दुसरा शिकण्याचा. पहिला आठवडा माणूस चिडचिडा होतो, हे मी घरच्यांच्या वतीने सांगतो. रोज अर्धा तास दिला तर तीन-चार आठवड्यांत बोटं वळतात, निदान माझी वळली.

फोनेटिक

रोमनमध्ये लिहायचं, मराठी उमटायचं. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक विंडोजमध्येच मिळतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. गूगलने विंडोजसाठीचं आपलं ऑफलाइन इनपुट टूल देणं कधीच बंद केलंय. तिऱ्हाईत साइटींवर त्याचे इन्स्टॉलर अजून फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, फुकटच्या टायपिंगपायी मशीनमध्ये काय शिरेल याचा भरवसा नाही.

चिठ्ठी-चपाटी, ईमेल, वर्ड, सगळीकडे फोनेटिक झकास. एडिटरमध्ये मात्र इथेच बहुतेक रडारड होते. फोनेटिकमध्ये अक्षर लगेच पक्कं होत नाही. तुम्ही लिहीत असता तेव्हा शब्द कच्चा असतो, खाली पर्यायांची यादी उघडते आणि स्पेस किंवा एंटर दाबल्यावर तो चौकटीत उतरतो. ही मधली अवस्था सांभाळायचं काम प्रोग्रामनेही करावं लागतं. ज्याने केलेलं नसतं तिथे यादी स्क्रीनच्या भलत्याच कोपऱ्यात उघडते, शेवटचं अक्षर गळतं किंवा शब्द दोनदा उमटतो. सगळ्यांत वैताग म्हणजे स्पेस. शब्द पक्का करायला स्पेस दाबावी आणि मागे व्हिडिओ चालू व्हावा! एडिटिंगमध्ये स्पेस म्हणजे प्ले, हे प्रोग्राम विसरत नाही.

आणखी एक बारकी खोच. काही टायपिंग साधनं स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालतात आणि तुमच्या कळा मधल्या मध्ये झेलून पुढे मराठी पाठवतात. एडिटर "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" करून उघडला असेल तर साध्या हक्कांवर चाललेल्या साधनाला विंडोज त्या खिडकीत काही ढकलू देत नाही. नोटपॅडात मराठी, एडिटरमध्ये रोमन, असं दिसलं तर आधी हे तपासा. एडिटर साध्या पद्धतीने उघडून पाहा.

बाहेर लिहून आत आणणं

ही पद्धत सांगितली की लोकांना फसवल्यासारखं वाटतं, पण दहा मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओला मी स्वतः हेच करतो. मजकूर नोटपॅडात किंवा सबटायटलच्या वेगळ्या प्रोग्रामात लिहायचा, वेळांसकट एसआरटी फाइल (सबटायटलची साधी मजकूर-फाइल) बनवायची आणि एडिटरमध्ये ती इम्पोर्ट करायची. टायपिंगचा बग टायपिंगच्या जागीच राहतो. शिवाय तीच फाइल यूट्यूबला चढवता येते, दुसऱ्या कुणाला तपासायला पाठवता येते, आणि उद्या एडिटर बदलला तरी काम वाया जात नाही.

सांभाळायचं ते एन्कोडिंग, म्हणजे फाइलमध्ये अक्षरं साठवायची पद्धत. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा. नवीन नोटपॅड आपणहून तसं करतं (हा बदलही योगायोगाने त्याच मे २०१९ च्या अपडेटमधला), पण जुन्या मशीनवर "एएनएसआय" हे मराठी न सामावणारं जुनं एन्कोडिंग निवडलेलं असतं आणि मग सगळ्या कीर्तनाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते. ती रांग परत मराठी होत नाही. मूळ मजकूर नसेल तर पुन्हा लिहिणं आलं.

दुसरी गंमत ऱ्य ची. "दुसऱ्या" मधला हा र दोन तऱ्हांनी साठवता येतो: ऱ हे नुक्त्याचं स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण शोधा-बदला मध्ये एक सापडतो, दुसरा नाही, आणि काही प्रोग्राम पेस्ट करताना ते अदृश्य चिन्ह गिळतात, मग "दुसर्या" उरतं. दोघांनी मिळून ओळी लिहिल्या असतील तर आधी एकच तऱ्हा ठरवून घ्या.

जुने फॉन्ट

लग्नाच्या व्हिडिओंच्या स्टुडिओंत श्री-लिपी, कृतिदेव, आकृती यांच्या जुन्या फॉन्टवर अजून कामं चालतात. का, ते समजण्यासारखं आहे. या फॉन्टांत मराठीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. प्रोग्रामला वाटतं इंग्रजीच आहे, त्यामुळे शॉर्टकट, चौकट, जोडाक्षर, कशाचीच कटकट नाही. "चि. सौ. कां." असं एकदाच झळकणारं शीर्षक असेल तर मी नाक मुरडणार नाही. पण सबटायटलला हे नको. फाइल बाहेर काढली की त्यात रोमन अक्षरांचा कचरा असतो, यूट्यूबवर तोच दिसतो आणि शोधात काही सापडत नाही.

टायपिंगचा दोष नसतोच तेव्हा

"कीबोर्ड बिघडलाय, इकार चुकीच्या बाजूला पडतो" असं सांगत लोक येतात. अक्षरं सगळी आली आहेत, फक्त वेलांटी सरकली आहे किंवा ष्ट्र फुटून हलन्त उघडा पडला आहे, तर कीबोर्डने आपलं काम चोख केलंय. बिघाड अक्षरं जुळवून रेखाटणाऱ्या इंजिनात आहे. अशा वेळी इनस्क्रिप्ट सोडून फोनेटिकवर उडी मारून काही होत नाही. अडोबी प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स भागात टेक्स्ट इंजिन साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न करावं लागतं. ज्या प्रोग्रामात अशी सोयच नाही, तिथे ओळी बाहेर चित्र म्हणून बनवून पारदर्शक पीएनजी आणणं एवढंच उरतं.

मी नवीन प्रोग्राम तपासताना ही ओळ टाइप करतो, मग तीच नोटपॅडातून पेस्ट करतो: "महाराष्ट्र मंडळाच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू". पेस्ट केलेली नीट दिसली आणि टाइप केलेली बिघडली, तर दोष इनपुटचा. दोन्ही सारख्याच बिघडल्या, तर फॉन्ट किंवा इंजिन. दोन मिनिटांचं काम आहे, पण मला त्या रात्री हे सुचलं असतं तर झोप मिळाली असती.

लिनक्सवाले

त्यांचा प्रश्न थोडा निराळा. फोनेटिकसाठी आयबस किंवा एफसिटिक्स हे टायपिंग सांभाळणारे प्रोग्राम लागतात, आणि अ‍ॅपइमेजसारख्या सगळं सोबत घेऊन येणाऱ्या पॅकेजांत त्यांच्याशी बोलणारा प्लगइन कधीकधी नसतोच. मग बाकी संगणकभर मराठी आणि एकाच खिडकीत रोमन. आधी तोच प्रोग्राम आपल्या डिस्ट्रोच्या भांडारातून टाकून पाहा. तेही जमलं नाही तर कीबोर्ड लेआउटांच्या यादीतूनच मराठी निवडा: तिथे सुधारित इनस्क्रिप्ट आहे आणि कगप नावाचा फोनेटिक लेआउटही आहे. हे लेआउट आयबसच्या आधीच्या पायरीवर काम करतात, त्यामुळे प्लगइनची गरज पडत नाही.

मग घ्यायचं काय?

महिन्यातून एखादा व्हिडिओ, तोही रेसिपीचा किंवा सोसायटीच्या गणपतीचा: फोनेटिकने नोटपॅडात लिहा आणि पेस्ट करा. इनस्क्रिप्ट शिकण्याइतकं काम तुमच्याकडे नाही. रोज ओळी बसवणं हे पोटापाण्याचं काम असेल तर इनस्क्रिप्टला पर्याय नाही, आणि तरीही मोठा मजकूर एसआरटीनेच आणा. एडिटरच्या आत फक्त दुरुस्त्या करा. रेमिंग्टन या टाइपरायटरच्या रचनेवर बोटं बसलेल्या जुन्या टंकलेखकाला मी काहीही बदलायला सांगणार नाही. त्यांचा वेग कुठल्याही फोनेटिकला ऐकत नाही. त्यांनी आपल्या पद्धतीने बाहेर टाइप करून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण अक्षरसंकेतात, रूपांतर करून द्यावं, पेस्ट दुसऱ्याने करावी. एकच पथ्य: रूपांतरानंतर ऱ्य, ऑ आणि रफार डोळ्यांखालून घालावेत, गडबड तिथेच होते.

कळांवर मराठी स्टिकर लावू का, असंही विचारतात. नको. महिनाभरात कडा सुटतात आणि जे-के-एल शोधायला वाकून पाहावं लागतं. विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून कोपऱ्यात ठेवा. चालू असलेली भाषाच त्यावर दिसते. अक्षरं लक्षात राहीपर्यंत तो पुरतो, आणि क दिसला की कळतं, आत्ता कट करायला जाऊ नये.