पांढरकवड्याच्या अलीकडचा ढाबा : पाटवडी एक नंबर, पण कोणत्या बाजूनं येता ते पाहून घ्या

परवा कापूस आदिलाबादले टाकून रिकामी पिकअप घेऊन वापस येत होतो, सोबत काका, दुपारचे अडीच वाजलेले अन सकाळपासून पोटात फक्त चहा. पैनगंगेचा पूल ओलांडला, पाटणबोरी मागं गेलं, तेवढ्यात डाव्या हाताले ट्रकची रांग दिसली. मी म्हटलं एवढे ड्रायव्हर थांबले म्हणजे जेवण चांगलंच असन, काका म्हणे ते जेवणासाठी नाई थांबत, जागा अन पाणी पाहून थांबते. दोघंही अर्धे अर्धे बरोबर निघालो.

पाटवडी रस्सा मागवला. वडी मऊ पण रश्श्यात मोडत नाई, रस्सा काळ्या मसाल्याचा, तर्री वेगळी देते, अंदाजानं घ्या बाप्पा, माझ्या कानातून धूर निघाला. ज्वारीची भाकर चुलीवरची, गरम, ती संपायच्या आत दुसरी येते. बाजूच्या खाटेवर नारळाचा ट्रक दिल्लीले नेणारा तामिळनाडूचा ड्रायव्हर होता, तो तोच रस्सा भातावर घेऊन वरून दही कालवून खात होता, मी पण करून पाहिलं, खरंच मस्त लागते. हरियाणावाल्यांसाठी तंदूर पण हाय. काका अजून या रोडले सात नंबरच म्हणते, वाराणसी-कन्याकुमारीवाला, २०१० मध्ये नंबर बदलले तेव्हापासून हा ४४ झाला अन श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत धरते, हे सांगितलं तर म्हणे नंबर बदलल्यानं आपलं गाव थोडीच सरकलं.

आता खरी अडचण. ढाबा नागपूरकडं जाणाऱ्या बाजूले हाय. पांढरकवड्याहून आदिलाबादकडं निघाले असान तर समोर दिसते पण जाता येत नाई, लय पुढं जाऊन वळून या लागते. म्हणून तिकडचे ड्रायव्हर गाडी त्या बाजूले लावून डिव्हायडरवरून उड्या मारत येते. आमच्यासमोर सफरचंदाच्या ट्रकचा एक पोरगा हातात पाण्याची कॅन घेऊन पळत आला, मागून लक्झरी हॉर्न मारत गेली, माझा तर घासच अडकला. मालकाले म्हटलं इकडं पोरगं उभं करून पार्सल तिकडं पोचवत जा ना, तो हसला फक्त. एक स्टार याच्यासाठीच कापला.

बायकापोरं सोबत असतील तर बाथरूमचं आधी पाहून घ्या, कडी लागत नाई. चहा म्हणजे साखरेचा पाक. दोघांचं बिल ३४० झालं, पोटभर, महाग नाई वाटलं.

काकानं निघताना चार भाकरी बांधून घेतल्या. घरी काकू म्हणे, घरात ज्वारीचं पोतं पडलं हाय अन भाकरी इकत आणता काऊन?