जुना ४×५ लाकडी कॅमेरा: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर, आणि लाईट लीकची झाडाझडती

आधी निकाल सांगतो. कॅमेरा ठेवतोय, विकणार नाही. सोबत आलेल्या होल्डरांपैकी (फिल्म भरून कॅमेऱ्याच्या पाठीत सरकवायच्या चपट्या चौकटी) निम्मे मात्र बाद केलेत. जुना ४×५, म्हणजे चार बाय पाच इंची सुट्या फिल्मचा कॅमेरा, घेणारे बहुतेक जण बेलोजमध्ये (लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा भाता) टॉर्च घालून बघतात, आणि होल्डर ‘फुकट आले’ म्हणून न बघताच पिशवीत टाकतात. माझ्या अनुभवात फिल्मची जास्त नासाडी त्या फुकटच्या होल्डरांनीच केली.

वस्तू अशी: सागवानी फिल्ड कॅमेरा, पितळी फिटिंग, बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी कधीच निखळून गेलेली. १५० एमएमची लेन्स, कोपाल झिरो शटर, आणि लाकडी-प्लॅस्टिक मिळून होल्डरांचा गठ्ठा. मार्चमध्ये घेतला, आता दिवाळी तोंडावर आलीय. फोकसिंग मऊ आहे, ग्राउंड ग्लास (फोकस बघायची मागची दुधी काच) स्वच्छ आहे, समोरचं स्टँडर्ड (लेन्स धरणारी चौकट) वर-खाली सरकतं. याबद्दल तक्रार नाही. लिहिण्यासारखं आहे ते लाईट लागण्याबद्दल, म्हणजे नको तिथून उजेड शिरून फिल्म खराब होण्याबद्दल.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटबंदीच्या पहिल्या निगेटिव्ह धुतल्या तेव्हा दोन वेगळे डाग दिसले. एकीवर आखूड बाजूकडून आत शिरलेली काळी पाचर होती, कडेला गडद आणि आत जाता जाता विरत गेलेली. दुसरीवर आकाशाच्या भागात एक मऊसर ढब्बा, कडेशी काही संबंध नसलेला. निगेटिव्हवर जिथे लाईट लागतो तिथे काळं होतं आणि प्रिंटमध्ये तेच पांढरं येतं, त्यामुळे शोध निगेटिव्हवरच घ्यायचा. स्कॅन करून, कॉन्ट्रास्ट वाढवून बघत बसलात तर दिशाभूलच होते.

शीट फिल्मची एक सोय आहे. होल्डरमध्ये फिल्मच्या कडा पट्ट्यांखाली दबलेल्या असतात, म्हणून धुतल्यावर भोवती अरुंद पारदर्शक किनार राहते. किनार स्वच्छ आणि आतला भाग काळवंडलेला असेल तर उजेड समोरून आला, म्हणजे बेलोज, लेन्सबोर्ड (लेन्स बसवलेली फळी) किंवा शटरमधून. किनारीसकट सगळं काळवंडलं असेल तर फिल्म होल्डरच्या बाहेर असतानाच घात झालाय. चेंजिंग बॅगची (उजेडात फिल्म भरायची काळी पिशवी) चेन, फिल्मचा डबा, धुण्याची टाकी, बाथरूमच्या दाराखालची फट, तिकडे बघा. आणि एकाच बाजूच्या कडेपासून पाचर निघाली असेल तर होल्डर. एवढं न बघता बेलोजला ठिगळं लावत सुटणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

होल्डर ओळखायची जुनी युक्ती फार कामाची आहे. प्रत्येक होल्डरच्या झडपेकडच्या (जिथून फिल्म आत घालतो त्या टोकाच्या) कडेला कानशीने बारीक खाच पाडायची: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशी. खाचेतून तेवढा भाग उघडा पडतो आणि त्याची खूण फिल्मच्या किनारीवर येते. मग कुठली निगेटिव्ह कुठल्या होल्डरमधून आली ते वहीत शोधावं लागत नाही. माझ्याकडच्या सगळ्या पाचरी दोन-तीन ठरावीक खुणांच्याच निघाल्या. डाग होल्डरबरोबर फिरत असेल तर दोष होल्डरचा, होल्डर बदलूनही डाग जागच्या जागी राहत असेल तर कॅमेऱ्याचा.

पाचरीचं मूळ डार्क स्लाईडच्या (फिल्मवरचं सरकतं पातळ झाकण, फोटो घेताना बाहेर ओढायचं) फटीत असतं. तिथे मखमलीची पट्टी असते. स्लाईड बाहेर काढली की मखमलीचे केस फुलून फट बुजवतात. वर्षानुवर्षं घासून ती गुळगुळीत होते, मग स्लाईड बाहेर असेपर्यंत उजेड आत येत राहतो. इथे एक हिशेब लक्षात घ्या. एफ/३२ ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) शटर उघडतं सेकंदाच्या आठव्या भागापुरतं, पण स्लाईड काढल्यापासून परत घालेपर्यंत फिल्म अर्धा-अर्धा मिनिट उघडी असते, आणि गळती त्या सगळ्या वेळात चालू असते. म्हणून तोच होल्डर एका दिवशी निर्दोष वाटतो आणि वाऱ्यात झाडाची फांदी थांबायची वाट बघत बसलेल्या दिवशी दगा देतो. स्लाईड तिरकी घातली तर आधी एक कोपरा उघडतो आणि पाचर नेमकी तिथूनच येते. सरळ ओढायची, सरळ घालायची, आणि या सगळ्या वेळात डार्क क्लॉथ (फोकस बघताना डोक्यावर घ्यायचं कापड) कॅमेऱ्याच्या पाठीवर टाकलेलं ठेवायचं. (सोलापुरात राहून डार्क क्लॉथ म्हणून चादर का नाही, असं प्रत्येक जण विचारतो. मे महिन्यात दुपारी बारा वाजता डोक्यावर चादर घेऊन एकदा उभं राहून दाखवा, मग बोलू. आतून काळं, बाहेरून पांढरं असं सुती कापड शिवून घ्या.)

लाकडी होल्डरची मखमल बदलता येते. पट्टीचे खिळे हलक्या हाताने उचकटले की जुनी मखमल निघते. नवीन घ्यायला शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात गेलो.

“काळी मखमल रिबन? ब्लाउजला का ओ दादा?”

“नाही अण्णा, कॅमेऱ्याला.”

“कॅमेऱ्याला मखमल! न्या की मग. वीतभर कापडाचे काय पैसे मागायचे.”

रिबन पातळच घ्या. जाड मखमलीत स्लाईड अडकते आणि गळलेले केस फिल्मवर बसतात, ते वेगळंच डोक्याला ताप. दुसऱ्या टोकाच्या झडपेची बिजागरी म्हणजे नुसती कापडी टेप असते. ती वाकवून उजेडासमोर धरली आणि तडे दिसले तर पुस्तक बांधणाऱ्यांकडची काळी कापडी पट्टी लावून घ्या. प्लॅस्टिकच्या होल्डरांची मखमल मी उघडत बसलो नाही. फाटके गेले, चांगले राहिले.

आता आकाशातला तो ढब्बा. ही भानगड बेलोजचीच होती. सूर्य कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला वर असेल आणि बेलोजच्या माथ्यावर टाचणीएवढं भोक असेल, तर किरण तिरका मागे-खाली येऊन फिल्मच्या खालच्या भागावर पडतो. आत चित्र उलटं असतं, म्हणून फिल्मचा खालचा भाग म्हणजे फोटोतलं आकाश. सूर्य पाठीमागे असला की तोच किरण लेन्सच्या दिशेने जातो आणि फिल्मवर फारसं काही दिसत नाही. त्यामुळे सकाळी गळणारा कॅमेरा संध्याकाळी शहाणा वाटू शकतो.

तपासणी रात्री, अंधाऱ्या खोलीत. रात्री वीज गेली की आमच्या पेठेत गल्लीचा उजेडही येत नाही, या कामाला त्याहून चांगली वेळ नाही. लेन्सबोर्डाच्या जागी काळा पुठ्ठा, मागून आत एलईडी टॉर्च आणि मागची बाजू कपड्याने बंद. डोळ्यांना दहा मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या, मग बेलोज पूर्ण ताणून सावकाश फिरवत बघा. पत्र्याच्या छपराला खिळ्यांची जुनी भोकं असावीत तसे ठिपके दिसतात, जवळजवळ सगळे घड्यांच्या कोपऱ्यांवर, कारण कापड तिथेच दोनदा दुमडतं. काही ठिपके बेलोज वाकवल्यावरच उघडतात. लेन्सचं स्टँडर्ड वर चढवून, तिरकं करून पुन्हा बघा. खडूने खूण करत चला.

माझ्या कॅमेऱ्याला आधीच्या मालकाने काळी इन्सुलेशन टेप चिकटवली होती. एप्रिलच्या उकाड्यात तिचा चिकट रस बाहेर आला आणि दोन घड्या एकमेकींना धरून बसल्या. सोलापूरचा पारा चाळीस-बेचाळीसला जातो, बंद गाडीत त्याहून वर, त्यामुळे असली टेप इथे टिकायची नाही. मी केलं ते असं: टाचणीएवढ्या भोकांना काळा अ‍ॅक्रिलिक फॅब्रिक कलर, पातळ, दोन हात, बेलोज ताणलेला ठेवून. रात्रभर सुकू दिला आणि घडी घालण्याआधी वरून थोडी टाल्कम पावडर. जिथे कापडच विरलं होतं तिथे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यातली काळ्या अस्तराची कात्रणं, चांभाराच्या रबर सोल्युशनने, बाहेरून. अस्तर पातळ असल्यामुळे घडी मिटते, जाड ठिगळाने कॅमेराच बंद होत नाही. आतल्या बाजूला चकचकीत काही लावू नका. त्यावरून उजेड परावर्तित होऊन सगळी निगेटिव्ह धुरकट आणि मरगळलेली येते, आणि माणूस पुन्हा भोकं शोधत बसतो.

दुरुस्तीनंतरच्या परीक्षेला महागडी फिल्म जाळू नका. दवाखान्यांच्या भागातल्या सर्जिकल दुकानातून ग्रीन सेन्सिटिव्ह एक्स-रे फिल्म आणली. ती लाल दिव्यात हाताळता येते, ८×१० च्या एका शीटचे चार तुकडे होतात. पूर्ण ४×५ इंच कापली तर होल्डरमध्ये शिरत नाही, लांबी आणि रुंदी दोन्ही दीड-एक मिलिमीटर कमी ठेवा. शटर बंद, लेन्सवर टोपी, स्लाईड बाहेर, आणि कॅमेरा उन्हात पाचेक मिनिटं, चारही बाजू सूर्याकडे फिरवत. धुतल्यावर फिल्म स्वच्छ आली तर पास. होल्डरची परीक्षा वेगळी, दोन्ही स्लाईड आत ठेवून. फोटोचा कागदही चालतो, पण तो फिल्मपेक्षा खूपच मंद असतो, बारीक गळती त्यावर उमटतच नाही. उन्हाळ्यात आमच्या टाकीचं पाणी डेव्हलपरच्या (फिल्म धुण्याच्या रसायनाच्या) २० अंशांच्या कितीतरी वर असतं. बादलीत बर्फ टाकूनच ही कामं करा, नाहीतर फॉग (फिल्मवर पसरलेला काळसर थर) गळतीचा की गरम डेव्हलपरचा, हेच कळणार नाही.

पावसाळ्यात नवीन डाग आला नाही. लाकूड फुगून लेन्सबोर्ड जरा घट्ट बसायला लागला एवढंच. उन्हाळ्यात तेच लाकूड आकसून बोर्डाच्या वरच्या कडेला केसाएवढी फट पडायची, तिथे खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवलाय. सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून मंदिराचे काढलेले गेल्या महिन्यातले सगळे शॉट कोरे, म्हणजे डागाविना.

घ्यायचा असेल तर बेलोज बघाच, पण भाव होल्डरांवर पाडा. मखमल गुळगुळीत असेल तर होल्डरचे पैसे देऊच नका, वाचलेल्या पैशात दोन बरे होल्डर घ्या. माझ्या कॅमेऱ्यात आता एकच काम उरलंय: समोरच्या स्टँडर्डचा पितळी स्क्रू आटा झिजून फिरतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे नवीन करायला टाकलाय.