वापरलेली वॉल्थर एलजी 400 अल्युटेक: पैसे कशाचे मोजायचे

दहा मीटर एअर रायफलसाठी जर्मनीच्या उल्म शहरातल्या वॉल्थर कंपनीची एलजी 400 (अल्युटेक म्हणजे अल्युमिनियमच्या कुंद्याची) आजही भरवशाची रायफल आहे. नवी घेणं सगळ्यांना झेपत नाही. त्यामुळे संभाजीनगर, लातूर, नांदेडकडचे बरेच पालक मुलांसाठी वापरलेली शोधतात. अशी रायफल विकायला निघते तेव्हा ती बहुधा आधीच्या नेमबाजाने स्वतःच्या अंगाला बसवून घेतलेली असते: एमईसी कंपनीची बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), सेंट्रा कंपनीचा डायोप्टर (नेम धरायची मागची साइट), नळीवर वजनं, बदललेली ग्रिप (हाताची मूठ). विकणारा या प्रत्येक वस्तूचे वेगळे पैसे लावतो. घेणाऱ्याने मात्र आधी नळी, रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) आणि हवेचं सिलिंडर यांचेच पैसे मोजावेत.

ग्रिप आणि बट प्लेट एकाच्या हाताला आणि खांद्याला बसतात, दुसऱ्याच्या बसतीलच असं नाही. चांगला डायोप्टर मात्र कुठल्याही रायफलवर चालतो, त्याचे पैसे द्यायला हरकत नाही. वजनं लावलेली असतील तर रायफल काट्यावर ठेवा. साइटसह 5.5 किलोच्या वर गेली तर सामन्याआधीच्या तपासणीत अडकेल.

सिलिंडर सगळ्यात आधी पाहा. त्यावर उत्पादनाची तारीख किंवा वापराची मुदत कोरलेली असते, आणि बऱ्याच सिलिंडरना ही मुदत दहा वर्षांची असते. मुदत संपलेलं सिलिंडर कितीही चकचकीत असलं तरी त्याची किंमत शून्य धरा आणि नव्याचे पैसे सांगितलेल्या किमतीतून वजा करा. विकणारे बहुतेक वेळा इथेच चिडतात. चिडू द्या, 200 बार (बार म्हणजे दाबाचं एकक) दाबाची हवा गालाजवळ धरायची आहे.

मग गळती. सिलिंडर भरून दाबमापकावरचा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वाचा. वेळ तीच हवी, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवामानच फसवतं. संध्याकाळी 40 अंशांना 200 बार असलेलं सिलिंडर पहाटे 22 अंशांना 188च्या आसपास दिसतं, आणि त्यात काहीही गळलेलं नसतं. त्याच वेळी, तेवढ्याच तापमानाला आकडा उतरला असेल तर सिलिंडर काढून वेगळं ठेवा. वेगळं ठेवल्यावर दाब टिकला तर गळती रायफलच्या आत आहे, नाही टिकला तर सिलिंडरच्या झडपेत. जोडावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. ओ-रिंगवर (जोडातल्या रबरी कड्यावर) फक्त सिलिकॉन ग्रीस. शिलाई मशीनचं तेल किंवा डब्ल्यूडी-40 तिथे अजिबात नको, रबर फुगतं आणि जास्त दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन भरून आणायचा विचार तर मनातही आणू नका, ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होतो.

रेग्युलेटर तपासायला क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) लागतो, जवळच्या क्लबकडे विचारून पाहा. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासची पेलेट (शिशाची छोटी गोळी) साधारण 170 मीटर प्रतिसेकंदाने सुटली पाहिजे. सलग दहा शॉट घ्या, अर्धा तास थांबा आणि मग एकच शॉट घ्या. हा एकटा शॉट स्पष्टपणे वेगवान गेला तर रेग्युलेटरची सीट (हवा अडवणारी आतली बैठक) झिजली आहे आणि दाब हळूहळू वर सरकतोय. वेगात सेकंदाला 3 मीटरचा फरक पडला तरी दहा मीटरवर पेलेट सुमारे अर्धा मिलिमीटर वरखाली होते. टार्गेटवर 0.25 मिलिमीटरला 0.1 गुण जातो, म्हणजे हे दोन दशांश झाले. सीट बदलणं जाणकाराला अवघड नाही, पण तो खर्च विकणाऱ्याच्या खात्यात टाका.

नळीबद्दल मात्र तक्रारीला फारशी जागा नाही. शिशाच्या मऊ पेलेटने आणि या वेगाने ती सहज झिजत नाही. बिघडते ती चुकीच्या सफाईने, स्टीलची सळई घालून घासल्यावर. रायफल शिकंज्यात घट्ट धरून पाच पेलेट मारा. सगळी मिळून एकच गोल छिद्र दिसायला हवं. फाटकं, लांबट छिद्र आलं तर दोष लगेच नळीला देऊ नका. आधी कुंद्याचे अॅलन स्क्रू आवळा, मग आरडब्ल्यूएस आर10 किंवा एच अँड एन फिनाले मॅचच्या 4.49 आणि 4.50 मिलिमीटर अशा दोन्ही मापांच्या पेलेट वापरून पाहा. अनेकदा दोष ढिल्या स्क्रूचाच निघतो.

अल्युमिनियमचा कुंदा मराठवाड्याला लाकडापेक्षा जास्त मानवतो, मे महिन्यातला कोरडेपणा आणि जुलैचा दमटपणा त्याला बाधत नाही. फक्त उन्हात उभ्या गाडीत रायफल ठेवू नका. 25 अंशांना 200 बार भरलेलं सिलिंडर 60 अंशांना 220च्या वर जातं.

हवा कुठे भरणार, हे परभणी-हिंगोलीकडच्या घेणाऱ्याने आधीच ठरवावं. जवळ कंप्रेसर नसेल तर हातपंप चालतो, पण दर 50-60 झटक्यांनंतर थांबून तो गार होऊ द्या आणि आतलं पाणी सोडा. पावसाळ्यात हे टाळलं तर ओलावा थेट रेग्युलेटरपर्यंत जातो.

कागदपत्रं: 20 ज्यूलपर्यंतच्या (नळीतून सुटताना पेलेटची ऊर्जा) 4.5 मिलिमीटर एअर रायफलला शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवाना लागत नाही, आणि ही साधारण 7.5 ज्यूलची. तरीही मूळ बिल, आयातीची कागदपत्रं आणि रायफलवरचा क्रमांक जुळवून पाहा. शुल्कात सवलत घेऊन आणलेली असेल तर विक्रीवर कोणत्या अटी आहेत ते लेखी मागा. कागद नसतील तर रायफल कितीही छान असली तरी सोडून द्या.

मुदतीतलं सिलिंडर, टिकणारा दाब आणि पूर्ण कागद असलेली एलजी 400 जिल्हा पातळीपासून राष्ट्रीय पातळीपर्यंत कमी पडणार नाही. पण उंची अजून वाढत असलेल्या मुलासाठी घेताना ग्रिप आणि बट प्लेट मूळचीच मागा. बसवून घेतलेले सुटे भाग विकणाऱ्याने वेगळे विकावेत.