शिल्पासाठी ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार: लोखंड घ्या, लाकूड सोडा

जोगेश्वरी पश्चिमेचा हा बाजार ऑफिस थाटणाऱ्यांसाठी आहे. शिल्पासाठी माल हवा असेल तर दर्शनी भागातल्या पॉलिश मारलेल्या टेबलांकडे बघूच नका, सरळ मोडका माल मागा. पाठ तुटलेल्या फिरत्या खुर्च्या, किल्ली हरवलेली फायलींची कपाटं, ड्रॉवरचे चॅनल. दुकानदार नगाचा भाव सांगतो, तुम्ही किलोवर बोला.

खरी कमाई खुर्चीच्या पाच पायांच्या बेसमध्ये आहे. चुंबक चिकटलं तर ते क्रोम चढवलेलं लोखंड. नाही चिकटलं तर खालून खिळ्याने ओरखडा काढा: चकाकलं तर ॲल्युमिनियम, नाही तर नायलॉन. नायलॉनला वेल्डिंग होत नाही आणि तो उन्हात ठिसूळ होतो, उघड्यावरच्या कामाला नकोच.

खुर्ची वर-खाली करणारा मधला गॅस सिलिंडर दुकानातच ठोकून काढून घ्या. तो निमुळत्या खाचेत नुसता घट्ट बसलेला असतो, स्क्रू नसतो. आत दाबाखाली नायट्रोजन असतो, त्यामुळे नळीला ग्राइंडर, ड्रिल किंवा आच लावायची नाही. आकार कितीही मोहक असो, कापायचा विचार सोडा. वापरायचाच तर अख्खा, बोल्टने कसून.

कपाटांचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. साध्या आर्क वेल्डिंगने भोकं पडतात. मिग मशीन (तार आपोआप पुढे सोडणारं वेल्डिंग मशीन), 0.8 मिलिमीटरची तार, आणि सलग न ओढता एकमेकांपासून लांब, छोटे टाके. नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंची पावडर कोटिंग (भाजून चढवलेला रंग) इंचभर घासून काढा, अर्थिंगच्या क्लॅम्पखालचीही. राहिली तर विषारी धूर होतो, सांध्यात बुडबुडे राहतात.

मुंबईच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि लोखंड थेट भिडवलं की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं, पांढरी भुकटी सुटते. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बोल्टभोवती नायलॉनची नळी हवी. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात दोन्ही मिळतं, स्टेनलेसचे बोल्टही तिथूनच घ्यावेत.

लॅमिनेट लावलेला पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) ओशिवऱ्यात ढिगाने आणि स्वस्त मिळतो. घेऊ नये. एका पावसाळ्यात कडा फुगतात, स्क्रू एकदा काढला की पुन्हा धरत नाही. जुन्या सागवानी टेबलांचे भाव मात्र दुकानदारांना पक्के ठाऊक आहेत, तिथे घासाघीस फारशी चालत नाही.

माल सुटा करूनच टेम्पोत भरा. अख्ख्या खुर्च्या जागा अडवतात, आणि गाद्यांचा फोम शेवटी तुमच्याच गळ्यात पडतो.