म्युन्स्टरचं बायबल संग्रहालय: प्रुफं वाचणाऱ्यांनी चुकवू नये

सोन्याचा मुलामा, जडावाची वेष्टनं, डोळे दिपवणारी चित्रं असलं काही बघायचं असेल, तर जर्मनीत दुसरीकडे जा. म्युन्स्टर विद्यापीठाचं बायबल संग्रहालय म्हणजे मुख्यतः काचेमागची अक्षरं. हाताने नकललेल्या पोथ्यांपासून छापील बायबलपर्यंतचा इतिहास इथे मांडलाय. मी ग्रीक हस्तलिखितांपाशीच अडकले. तेवढ्यात लेक-जावयाचं सगळं बघून झालं. पुण्यातल्या छापखान्यांची प्रुफं वाचण्यात माझं आयुष्य गेलं. ग्रीकचं अक्षर येत नाही, पण लिहिणाऱ्याचा हात कुठे घाईला आलाय ते ओळखायला भाषा कशाला यावी लागते?

या संग्रहालयामागे एक संस्था आहे, आणि ती माहीत नसेल तर इथे नुसतीच जुनी पुस्तकं दिसतील. कुर्ट आलांट यांनी १९५९ मध्ये या विद्यापीठात नव्या कराराच्या (बायबलचा येशूपासून पुढचा भाग) पाठसंशोधनाची संस्था काढली. संग्रहालय तिचंच, १९७९ चं. मध्ये काही वर्षं बंद होतं, २०१९ मध्ये पुन्हा उघडलं. नव्या कराराचं ग्रीक हस्तलिखित जगात कुठेही सापडो, त्याला यादीतला क्रमांक देते ही संस्था. असे क्रमांक पाच हजारांच्या वर गेलेत. लेखकाच्या हातची प्रत मात्र एकही उरलेली नाही. सगळ्या नकला, नकलांच्या नकला. त्या एकमेकींशी ताडायच्या आणि जुना पाठ कोणता ते ठरवायचं, हा इथला उद्योग. अभ्यासक वापरतात त्या ‘नेस्टले-आलांट’ आवृत्तीचं काम इथेच चालतं. तिची अठ्ठाविसावी आवृत्ती २०१२ ची. वर मजकूर, खाली पाठभेदांची बारीक टाइपातली दाटी. ती प्रुफं कोणी वाचली असतील, त्यांना माझा नमस्कार.

आणि चुका तरी किती ओळखीच्या! दोन ओळी एकाच शब्दाने संपत असल्या की डोळा पहिलीवरून थेट दुसरीवर उडी मारतो, मधला मजकूर गायब. आमच्याकडे हे रोजचं होतं. ग्रीकमध्ये स्वरांचे उच्चार एकमेकांच्या जवळ सरकत गेले, तसे ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांत घोटाळे होऊ लागले. योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्याच अध्यायात, आनंद पूर्ण व्हायचाय तो ‘आमचा’ की ‘तुमचा’, यावर पोथ्यांचं एकमत नाही. सगळ्यात भारी प्रकरण तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं (३:१६). पवित्र नावं संक्षेपात लिहून वर रेघ द्यायची पद्धत होती. त्यामुळे गोल अक्षराच्या पोटात एक आडवी रेघ आणि डोक्यावर एक रेघ एवढ्याने ‘जो देहात प्रकट झाला’चं ‘देव देहात प्रकट झाला’ होतं. त्या रेघांवरून विद्वान शतकानुशतकं भांडलेत. अनुस्वार गाळला म्हणून मालकांची बोलणी खाल्लेल्या बाईला हे ऐकून बरं वाटतं.

जावयाशी वाद झाला तो मार्कने लिहिलेल्या येशूचरित्राच्या, म्हणजे शुभवर्तमानाच्या, शेवटावरून. चौथ्या शतकातल्या दोन थोर प्रतींत, सिनाई आणि व्हॅटिकनच्या, हे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबतं: बायका घाबरून येशूच्या कबरीपासून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत. पुढच्या बारा ओव्या नेस्टले-आलांट आवृत्तीत दुहेरी चौकटी कंसात छापतात, मूळच्या नाहीत याची खूण म्हणून. जावई म्हणाले, “मूळचं नाही ना, मग सरळ काढून टाकायचं.” मी म्हटलं, “अहो, इतकी वर्षं लोकांनी वाचलंय ते. खूण करा, पण ठेवा.” आपल्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली (१९१९ ते १९६६, १२५९ हस्तलिखितं) तेव्हा व्यासांचा लेखनिक झालेला गणपती मूळ संहितेत बसेना. संपादक सुकथनकरांनी त्याला आदिपर्वाच्या परिशिष्टात जागा दिली, फेकला नाही. जावयांना हे पटलेलं नाही अजून.

माझी हरकत एकच. खरी कमाई आहे ती या ताडून बघण्यात, आणि ती काचेच्या पेटीत मावत नाही. म्हणून जाण्याआधी मार्कचा सोळावा अध्याय घरी वाचून जा, मग काचेमागचं बोलायला लागतं. जर्मन येणारं कोणी सोबत असलेलं बरं. सोमवार टाळा, जर्मनीतली बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

लहान मुलं इथे कंटाळतील. त्यांना जवळच्या लांबेर्टी चर्चपाशी न्या. धर्मसुधारक लूथरचं संपूर्ण जर्मन बायबल छापून आलं १५३४ मध्ये, आणि त्याच वर्षी पुनर्बाप्तिस्मावाल्यांनी (मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ती पंथ) बायबलचाच हवाला देत हे शहर ताब्यात घेतलं. १५३६ मध्ये त्यांच्या तीन म्होरक्यांना मारून ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगलं, ते पिंजरे अजून मनोऱ्यावर आहेत. माझा नातू तिथून हलायला तयार नव्हता.