पीएचडीला सेलेनियम घ्यावं की टेल्युरियम

हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. एमएस्सी झालेलं असतं, नेट निघालेलं असतं, मेन ग्रुपच्या (सेलेनियम, टेल्युरियमसारख्या मूलद्रव्यांच्या) लॅबमध्ये जागा मिळतेय असं कळतं आणि गाइड म्हणतात, आपल्याकडे दोन्ही चालतं, तुला काय आवडतं ते सांग. आता करून बघितल्याशिवाय काय आवडणार, सांगा. मी दोन्ही हाताळलंय, प्रोजेक्टला आणि जेआरएफच्या सुरुवातीला टेल्युरियम, पुढची सगळी वर्षं सेलेनियम, त्यामुळे अगदी तटस्थ आहे असं म्हणणार नाही, पण दोन्हीकडचं मीठ खाल्लंय एवढं खरं. आवर्त सारणीत दोन्ही मूलद्रव्यं एकाखाली एक बसतात, टेल्युरियम खाली, खालचा अणू मोठा, बाँड कमजोर वगैरे तुम्हाला माहितीच आहे, ते सोडून देतो.

आधी वासाचं उरकून घेऊ, कारण हॉस्टेलवाले आणि घरचे पहिलं तेच विचारतात. सेलेनॉलचा, म्हणजे अल्कोहोलमधल्या ऑक्सिजनच्या जागी सेलेनियम असलेल्या कंपाउंडचा, वास सडलेल्या मुळ्यासारखा, भांडी हुडच्या (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) बाहेर काढायच्या आधी ब्लीचमध्ये बुडवून ठेवायची, सवय होते. टेल्युरियमचं प्रकरण वेगळं, ते थोडंसं जरी अंगात गेलं तरी डायमिथाइल टेल्युराइड होऊन श्वासातून आणि घामातून बाहेर येतं, लसूण न खाता तोंडाला लसणाचा वास, आणि तो पटकन जातही नाही. ग्लोव्ह्ज आणि हुड नीट वापरला तर दोन्हींतून सुटका आहे, तेव्हा वासावरून ठरवू नका.

सेलेनियमचा मोठा फायदा असा की ऑरगॅनिकवाल्यांनी रस्ता आधीच करून ठेवलाय. १९७३ च्या सुमाराला शार्पलेस आणि लॉअर, राइश, क्लाइव्ह या मंडळींनी सेलेनॉक्साइड एलिमिनेशन, म्हणजे ऑक्सिडाइझ केलेला सेलेनियमचा तुकडा रेणूतून काढून टाकणं, मार्गी लावलं, रूम टेंपरेचरला डबल बाँड मिळतो, मग ग्रीकोचं ऑर्थो-नायट्रोफेनिल सेलेनोसायनेट हे त्याच कामाचं रीएजंट आलं, टोटल सिंथेसिसमध्ये (मोठे रेणू पायरीपायरीनं बनवताना) आजही वापरतात. आणि करायला मजा येते हो. इथेनॉलमध्ये डायफेनिल डायसेलेनाइड (सेलेनियमचं नेहमीचं स्टार्टिंग मटेरियल), पिवळंधमक सोल्यूशन, त्यात सोडियम बोरोहायड्राइड चिमूट चिमूट टाकत जायचं, बुडबुडे येतात, पिवळा फिका होत होत एका क्षणी पाण्यासारखं स्वच्छ होतं, की समजायचं सेलेनोलेट (रिअ‍ॅक्शनला उत्सुक असा सेलेनियमचा आयन) तयार, टाका त्याच्याशी जुळणारं इपॉक्साइड. टीएलसीची, म्हणजे रिअ‍ॅक्शन झाली का बघायच्या प्लेटची, सुद्धा गरज वाटत नाही.

शिवाय बायोलॉजी आहे. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या शरीरातल्या पेरॉक्साइड मोडणाऱ्या एन्झाइममध्ये सेलेनियम असतं हे १९७३ मध्येच कळलं, ऐंशीच्या दशकात एब्सेलेन हे सेलेनियमचं कंपाउंड त्या एन्झाइमची नक्कल करतं हे दिसलं, आणि २०२० मध्ये कोरोनाच्या मेन प्रोटीएजला (विषाणूला वाढायला लागणाऱ्या एन्झाइमला) अडवणाऱ्या रेणूंत तेच एब्सेलेन परत वर आलं. बंगळुरूच्या आयआयएस्सीत मुगेश यांचं काम याच वाटेवरचं, आणि आपल्या मुंबईतच बघायचं तर पवईला आयआयटीत हरकेश सिंग यांनी सेलेनियम-टेल्युरियम दोन्हीत इंट्रामॉलिक्युलर कोऑर्डिनेशनचं (त्याच रेणूतल्या नायट्रोजन वगैरेनं त्यांना धरून ठेवण्याचं) काम केलं, तुर्भ्याला बीएआरसीत इंदिरा प्रियदर्शिनी यांनी पाण्यात विरघळणाऱ्या सेलेनियम अँटिऑक्सिडंटवर. म्हणजे वाचायला, विचारायला जवळपास माणसं आहेत, हे लहान वाटतं पण दुसऱ्या वर्षी अडकलात की कळतं.

तोटा म्हणजे गर्दी. डायसेलेनाइड घ्या, आयोडीन घ्या, इंडोल घ्या, झाला सी-एच सेलेनिलेशनचा (कार्बनवरच्या हायड्रोजनच्या जागी सेलेनियम बसवायचा) पेपर. आयोडीनऐवजी करंट, करंटऐवजी निळा एलईडी, असे किती निघालेत याला हिशोब नाही. रिव्ह्यूअर पहिल्याच ओळीत विचारतो की यात नवीन काय, आणि खरं सांगायचं तर कधीकधी त्याचं बरोबर असतं.

टेल्युरियममध्ये हे होत नाही. काहीही केलंत तरी निम्मं नवीन निघतं. क्रिस्टल स्ट्रक्चर बघत बसावीत अशी, टेल्युरियम शेजारच्या नायट्रोजनला, ऑक्सिजनला, दुसऱ्या रेणूतल्या हॅलोजनला असा धरून बसतो की सेलेनियमचे तेच काँटॅक्ट त्यापुढे ओढूनताणून दाखवल्यासारखे वाटतात. एनएमआरमध्ये (चुंबकात ठेवून रेणूची रचना बघायच्या तंत्रात) सुद्धा टेल्युरियम-१२५ चा सिग्नल सेलेनियम-७७ पेक्षा ढोबळमानाने चौपट बरा मिळतो, शिफ्टची (सिग्नलच्या जागेची) रेंजही जास्त पसरलेली, लहानसा बदलसुद्धा लगेच दिसतो. अ‍ॅप्लिकेशनचं म्हणाल तर क्योतोचे यामागो यांनी २००२ पासून टेल्युरियमवर लिव्हिंग रॅडिकल पॉलिमरायझेशन (साखळीची लांबी हवी तशी ठेवून पॉलिमर बनवणं) उभं केलं, इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठातून १९८७ मध्ये एएस-१०१ हे इम्यून सिस्टिमवर काम करणारं टेल्युरियमचं कंपाउंड आलं, ब्राझीलमध्ये साओ पाउलोला कोमासेतो यांच्या ग्रुपनं व्हिनाइल टेल्युराइडमधल्या टेल्युरियमच्या जागी लिथियम आणून बरंच सिंथेसिस केलं. पेरॉक्साइड मोडायच्या टेस्टमध्ये डायफेनिल डायटेल्युराइड हे डायसेलेनाइडला मागे टाकतं, फक्त उंदरांना ते बरंच जास्त विषारीही आहे, त्यामुळे औषधाच्या गोष्टी सांगताना जरा जपून.

एवढं सगळं टेल्युरियमच्या बाजूनं असताना मी का पलटलो? एकच कटकट. टेल्युराइड, म्हणजे कार्बनला टेल्युरियम जोडलेलं कंपाउंड, टिकत नाही.

म्हणजे रिअ‍ॅक्शन होते, कॉलम (सिलिकातून सोडून शुद्ध करणं) होतो, सिलिकाच्या तोंडाशी राखाडी-काळी रेघ सोडून जातो ते वेगळं, रोटाला लावून सॉल्व्हंट उडवलं की छान पिवळं तेल मिळतं, त्याच संध्याकाळी प्रोटॉन एनएमआर काढला तर एकदम स्वच्छ, माणूस खूश. पण थिसिसला प्रोटॉन पुरत नाही, कार्बनचा पाहिजे, टेल्युरियमचा पाहिजे, एचआरएमएस (रेणूचं नेमकं वजन) पाहिजे, गाइडना सीएचएन (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनची टक्केवारी) पण पाहिजे, आणि मशीन काही आपल्या लॅबमध्ये नसतं, स्लिप भरायची, टेल्युरियमला लागणारा मल्टिन्यूक्लियर प्रोब ठरावीक दिवशीच लावतात, मधेच हीलियम संपलं म्हणून बंद, मग सुट्ट्या. नंबर येईस्तोवर ट्यूबमध्ये आधी दुधट गढूळपणा येतो, मग तळाशी पांढरा गाळ बसतो. हवा आणि उजेड मिळाला की अल्काइल (साध्या कार्बनसाखळीच्या) टेल्युराइडचं हे होतंच, टेल्युरॉक्साइड बनतं, ते एकमेकांना चिकटून बसतं आणि मग कशातच धड विरघळत नाही. ऑपरेटर ट्यूब उजेडासमोर धरतो, मान हलवतो, गाळून आणा म्हणतो आणि परत देतो, त्याचंही बरोबर आहे, असल्या सॅम्पलवर शिमिंग (चुंबकक्षेत्र एकसारखं करणं) कसं करायचं. मग पुन्हा बनवा, फॉइल गुंडाळा, आर्गॉन भरा, पॅराफिल्म लावा, तोवर एचआरएमएसचा नंबर येतो आणि तिथं मुख्य पीकच्या पुढे प्लस सोळाचा, म्हणजे चिकटलेल्या एका ऑक्सिजनचा, पीक उभा. प्रत्येक डेटा वेगळ्या बॅचचा. एका कंपाउंडचं सगळं कॅरेक्टरायझेशन एकाच बॅचवर झालं तर पेढे वाटावेत अशी परिस्थिती.

सेलेनाइडचं असं नाही. कपाटात मागे पडलेली व्हायल, लेबल पुसट झालेलं, वर्ष उलटून गेल्यावर टीएलसी मारली तरी बहुतेक वेळा एकच स्पॉट. नंबर कधीही येऊ दे, सॅम्पल तुमची वाट बघतं. वोलर या जर्मन केमिस्टनं डायइथाइल टेल्युराइड १८४० मध्ये बनवलं, म्हणजे शर्यत सुरू व्हायच्या वेळी टेल्युरियम काही मागे नव्हतं, तरी आज पेपर सेलेनियमचे कितीतरी जास्त दिसतात, त्यामागे बायोलॉजी आहेच पण ही व्हायलची गोष्टही असावी असा माझा आपला अंदाज.

टेल्युरियमवाले यावर म्हणतील की बाबा टेल्युराइड म्हणून ठेवतोसच कशाला, डायक्लोराइड करून ठेव. अगदी मान्य. टेल्युरियम-चारचे (टेल्युरियम आधीच ऑक्सिडाइझ झालेले) डायक्लोराइड, डायआयोडाइड मस्त क्रिस्टल देतात, वासही नाही, बेंचवर पडून राहतात, लागेल तेव्हा रिड्यूस करायचं. डायअराइल टेल्युराइडसुद्धा (बेंझिनसारख्या रिंगा जोडलेले) अल्काइलपेक्षा पुष्कळ शहाणे. तुमचं काम स्ट्रक्चर, लिगँड, सेकंडरी बाँडिंग (वर म्हटले ते शेजाऱ्यांशी काँटॅक्ट) असं असेल तर ही कटकट तुम्हाला जाणवणारही नाही कदाचित. पण अ‍ॅक्टिव्हिटी मोजायची तर ती टेल्युराइडचीच, आणि बायोच्या लॅबमध्ये सॅम्पल दिलं की ते म्हणतात फ्रिजमध्ये ठेवतो, पुढच्या आठवड्यात बघू. तिथं सगळं अडतं.

तेव्हा माझं मत, आणि हे एका माणसाचं मत आहे, तुमच्या हाताला यश वेगळं असू शकतं: ज्याच्या लॅबमध्ये ग्लोव्हबॉक्स (आत हवा न येऊ देता काम करायची पेटी) आहे, एनएमआर त्याच मजल्यावर आहे आणि इनऑरगॅनिककडे ओढा आहे त्यानं टेल्युरियम खुशाल घ्यावं, पेपर कमी होतील पण गर्दीत हरवणार नाहीत. बाकी आपल्यासारख्या रांगेत उभं राहणाऱ्यांनी सेलेनियम घ्यावं, आणि टेल्युरियमची हौस असेल तर शेवटच्या चॅप्टरला दोन-तीन अ‍ॅनालॉग बनवून भागवावी, तुलनेचा टेबल रिव्ह्यूअरला आवडतोही.

गाइडना भेटायला जाल तेव्हा विषयाआधी तीन गोष्टी विचारा: ग्लोव्हबॉक्स चालू आहे का नुसता उभा आहे, टेल्युरियम-१२५ चा शेवटचा स्पेक्ट्रम कधी काढला, आणि सीनियरच्या टेल्युराइडच्या व्हायल्स बघायला मिळतील का. तळाशी पांढरं किंवा काळं दिसलं तर समजून जा. आणि गाइड नुसतं म्हणाले, होईल रे सगळं, आधी जॉइन तर हो, तर गुपचूप डायफेनिल डायसेलेनाइडची ऑर्डर टाका.